गाडीत पाणी शिरते कोठून?

कोंढा, ता. पवनी, जि. भंडारा

चि. पुतण्यास,


पावसाळा लागला की घरच्या गाडीच्या पुढच्या डाव्या पायदानात पाणी का साचते आणि दरवाजाचे रबर नवे बसवूनही ते का थांबत नाही, या प्रश्नाचे उत्तर मोटारीच्या रचनेतच सापडते. पावसाचा थेंबही आत येणार नाही अशा बेताने गाडी बांधलेली असते, हा समज खरा नाही. काही ठिकाणी पाणी पत्र्याच्या आत येणार हे गृहीत धरूनच त्याला खाली उतरण्याच्या वाटा ठेवलेल्या असतात, आणि म्हणून गळती म्हणजे प्रत्येक वेळी कोठेतरी पडलेले भोक नसते. पुष्कळदा ती बुजलेली वाट असते.

दरवाजाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. काच खालीवर होण्यासाठी ठेवलेल्या फटीवर रबराची पट्टी असली, तरी काचेवरून ओघळणारे थोडे पाणी त्या पट्टीला चुकवून दरवाजाच्या पोकळीत उतरतेच, आणि दरवाजाच्या तळाला ठेवलेल्या लहान छिद्रांतून ते रस्त्यावर पडते. या पोकळीच्या आणि आतल्या शोभेच्या फळीच्या मध्ये चिकट पट्टीने लावलेला प्लास्टिकचा पडदा असतो. काच किंवा स्पीकर दुरुस्त करताना कारागिराने तो फाडला किंवा नीट चिकटवला नाही, तर बाहेर जायचे पाणी पायदानाकडे वळते, आणि अशा वेळी बाहेरचे रबर कितीही वेळा बदलले तरी उपयोग होत नाही.

दुसरी वाट वायपरखालच्या जाळीची आहे. पुढच्या काचेवरचे बरेचसे पाणी तिच्याखालच्या पन्हाळीत, म्हणजे बॉनेट आणि काच यांच्यामधल्या खोलगट भागात, जमते आणि दोन्ही टोकांच्या छिद्रांतून चाकांच्या मागे उतरते. वातानुकूलन यंत्राचा ब्लोअर, म्हणजे हवा आत ओढणारा पंखा, याच पन्हाळीतून हवा घेतो. स्टिअरिंग उजवीकडे असलेल्या आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत तो डाव्या बाजूला असल्याने पन्हाळ तुंबली की पाणी त्याच्या तोंडातून थेट डाव्या पायदानात येते. छताला उघडझाप करणारी काच, म्हणजे सनरूफ, असलेल्या गाडीत तिच्या चौकटीभोवतीच्या पन्हाळीतून खांबांच्या आत उतरणाऱ्या बारीक नळ्या असतात. त्या तुंबल्या की छताचे कापड ओले होते आणि दोष मात्र उगाच काचेच्या रबराला दिला जातो.

भंडारा जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याचा बहुतांश भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो, त्यामुळे उन्हाळाभर कडुलिंबाखाली उभ्या राहिलेल्या गाडीच्या बारीक पाने साठलेल्या पन्हाळीची परीक्षा पहिल्याच मोठ्या सरीत होते. तलावांचेही असेच असते. पूर्व विदर्भातील माजी मालगुजारी तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजाने पाळीइतकेच, म्हणजे बांधाइतकेच, महत्त्व सलंगीला, म्हणजे जादा पाणी वाहून नेणाऱ्या सांडव्याला, दिले होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे जमीनदारीची पद्धत, संपून तलाव सरकारजमा झाल्यावर अनेक ठिकाणी देखभाल मागे पडली. आणि सांडवा बुजलेल्या तलावाची पाळ जशी कितीही भक्कम असली तरी धोक्यात येते, तशीच पन्हाळ बुजलेल्या गाडीची गत होते.

गळतीची ठिकाणे गाडीच्या पिढीप्रमाणे बदलत गेली आहेत. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या आणि १९७० च्या दशकात प्रीमिअर पद्मिनी हे नाव मिळालेल्या फियाटमध्ये पुढची काच रबराच्या जाड पट्टीत अडकवलेली असे आणि उन्हाने रबर कडक झाले की कोपऱ्यांतून पाणी झिरपू लागे. आजच्या गाड्यांत काच पॉलियुरेथेन नावाच्या लवचीक गोंदाने पत्र्याला चिकटवलेली असल्याने तो सांधा अधिक भरवशाचा झाला आहे, परंतु दगड लागून फुटलेली काच बदलताना जुना गोंद नीट तासला नाही किंवा गंजलेल्या पत्र्यावरच नवा लावला, तर तोच सांधा गळतो.

शोध घेण्यापूर्वी साचलेले पाणी पावसाचेच आहे, याची खात्री करणे आवश्यक असते. पाऊस नसताना आणि एसी चालवल्यावरच पायदान ओले होत असेल, तर एसीचे पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबलेली असते. पाणी रंगीत, चिकट आणि गोडसर वासाचे असेल, तर ते इंजिन थंड ठेवणारे कूलंट असते. बर्फाळ देशांत बुटांबरोबर आलेला बर्फ वितळूनही मॅट भिजते. पावसाचेच पाणी ठरले की आतील मॅट उचलून पत्रा कोरडा करावा, एका माणसाने टॉर्च घेऊन आत बसावे आणि दुसऱ्याने साध्या पाइपने, जोर न लावता, खालून वर असे एकेका भागावर काही मिनिटे पाणी सोडावे. वरून सुरुवात केल्यास ओघळणारे पाणी सगळेच सांधे एकदम भिजवते आणि मूळ जागा कळत नाही. दरवाजाच्या रबराचा दाब तपासण्यासाठी कागदाची पट्टी मध्ये ठेवून दरवाजा लावतात आणि ती ओढून पाहतात. जेथे ती सहज सरकते तेथे रबर दबलेले असते. थेंब जेथे पडतो तेथेच पाणी शिरते असेही नाही, कारण पत्र्याच्या कडेने आणि वायरींच्या जुडग्यावरून ते बरेच अंतर वाहत जाते.

दुरुस्तीचा क्रमही याच विचाराने ठरतो. प्रथम पन्हाळी आणि छिद्रे साफ करावीत. सनरूफच्या नळ्यांत हवेचा मोठा झोत सोडू नये, कारण खांबाच्या आत जोड निसटला तर आधीचा दोष बरा म्हणावा लागतो. त्यानंतर दरवाजातील पडदा, मागच्या दिव्यांची गॅस्केटे आणि इंजिनाकडून वायरी जेथे आत येतात तेथील रबरी बुचे पाहावीत. हार्डवेअरच्या दुकानातील व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन सुकताना आम्ल सोडते आणि त्यामुळे पत्रा गंजू शकतो, म्हणून सांध्यांसाठी गाडीचेच पॉलियुरेथेन सीलंट वापरावे. गळती थांबल्यावरही मॅटखालचा फोम बाहेर काढून उन्हात वाळवला नाही, तर वरून कोरड्या दिसणाऱ्या गाडीत बुरशी धरते आणि वायरींचे जोड गंजतात.

जुनी गाडी घेताना हे ज्ञान विशेष कामी येते. डिकीतील स्टेपनीची खोबण ओली किंवा गंजलेली असेल, तर मागच्या दिव्यांची किंवा डिकीच्या रबराची गळती संभवते आणि ती सहसा थोडक्या खर्चात सुटते. परंतु सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढल्यावर त्यावर गाळाची रेघ दिसली, तर ती गाडी पुरात उभी होती असे समजावे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या पुराने भंडारा शहरात जे पाणी शिरले, त्यासारख्या पाण्यात बुडालेली गाडी आणि गळकी गाडी यांच्या किमतीत मोठा फरक असायला हवा, आणि विकणारा तो सांगेलच असे नाही. घरच्या गाडीची वायपरखालची जाळी मात्र आता दर वर्षी मृग लागण्यापूर्वी उघडली जाईल.

कळावे. प्रकृतीस जपावे.

शुभाशीर्वादांसह,
काका