रंगाची गोडी

माणसाला जीभ एकच असली तरी चव घेणारी इंद्रिये एकाहून अधिक आहेत, आणि त्यांपैकी डोळा हा जिभेच्या आधी पंगतीला येऊन बसतो. पिवळे वरण, हिरवी कोथिंबीर, लोणच्याची लालभडक फोड हे सारे डोळ्याने आधीच चाखलेले असते. जीभ मागाहून नुसता होकार देते. मी पडलो चित्रकलेचा शिक्षक. मॅट्रिकनंतर कॉलेजची पायरी न चढता हाती कुंचला धरला आणि शाळेतून उरलेल्या वेळात चारदोन कादंबऱ्या लिहिल्या. रंगांशी वीस वर्षांचा घरोबा असल्यामुळे डोळ्याची ही लबाडी मला ठाऊक आहे. किंबहुना तिच्यावरच माझे पोट चालते. तेव्हा आमच्या शाळेच्या फाटकाबाहेरील बरण्यांविषयी चार शब्द लिहिण्याचा थोडासा अधिकार मला आहे, असे मी समजतो.

त्या बरण्या एका मावशींच्या आहेत. लाल, नारिंगी, पोपटी, जांभळ्या गोळ्या. जीभ निळी करणारी काडीवरची साखर. आणि शनिवारी पिशव्यांतून येणारे गुलाबी 'म्हातारीचे केस'. मधल्या सुट्टीत मुले तिकडे धावतात आणि वर्गात परतताना एकमेकांना जिभा काढून दाखवतात. ज्याची जीभ अधिक रंगली तो त्या दिवसाचा राजा! एकदा मी विचारले, "मावशी, बिनरंगाच्या गोळ्या का नाही ठेवत?"

त्या हसल्या. "गुरुजी, पांढऱ्या गोळ्या ठिवून बघितल्या की. म्हैनाभर बरनी हलली न्हाई. पोरं रंगाला भुलत्यात."

मावशींचे म्हणणे पडताळून पाहावे म्हणून मी सहावीच्या वर्गात एक खेळ केला. लिंबाचे सरबत एकाच पातेल्यात केले. अर्धे तसेच ठेवले आणि अर्ध्यात बिटाचा थोडासा रस टाकला. लाल सरबत पिणाऱ्यांपैकी कुणाला त्यात कोकम लागले, कुणाला स्ट्रॉबेरी, आणि ते अधिक गोड आहे याबद्दल तर बहुतेकांचे एकमत झाले. खरा प्रकार सांगितल्यावर वर्गात हशा पिकला. पण मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, रंगाला चवच नसते, तर मग तो घालतात कशाला?"

प्रश्न साधा होता, पण तो मला घरापर्यंत सोबत करीत आला.

मिठाई रंगवण्याची हौस जुनी आहे आणि तिचा इतिहास फारसा गोड नाही. लंडनमधील फ्रेडरिक अ‍ॅकम या रसायनतज्ज्ञाने १८२० साली पुस्तक लिहून लोकांना बजावले, की मुलांच्या रंगीत मिठाईत शिशाची आणि तांब्याची विषारी द्रव्ये घातली जातात. पुढे १८५६ साली त्याच शहरात विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा मुलगा क्विनाइन तयार करण्याच्या खटपटीत होता. क्विनाइन दूरच राहिले. दगडी कोळशाच्या डांबरातून त्याच्या हाती सुंदर जांभळा रंग लागला. त्या रंगाने कापड रंगले, आणि अशा रंगांचे पुढचे भाईबंद हळूहळू मिठाईतही शिरले. शिशाच्या मानाने ते पुष्कळच बरे, हे कबूल केले पाहिजे. आज असे रंग बहुतांशी खनिज तेलातून निघणाऱ्या द्रव्यांपासून करतात.

बरे म्हणजे निर्धोक नव्हे. अमेरिकेत हॅलोवीनच्या सणाला मुले दारोदार गोळ्या मागत फिरतात. १९५० साली त्या सणाची नारिंगी मिठाई खाऊन कित्येक मुले आजारी पडली. मिठाईत 'ऑरेंज नंबर १' हा त्या वेळचा परवानगी असलेलाच रंग होता, फक्त सढळ हाताने घातलेला. पुढे त्याच दशकात त्या रंगाची परवानगी गेली.

आपल्याकडे कायद्याने खाण्याच्या पदार्थांत आठच कृत्रिम रंग चालतात: तीन लाल, दोन पिवळे, दोन निळे आणि एक हिरवा. माझ्या विद्यार्थ्यांच्या रंगपेटीत याहून अधिक वड्या असतात! गोळ्यांच्या वेष्टनावर त्यांची नावे बहुधा आकड्यांत लपलेली असतात. १०२ म्हणजे पिवळा टार्ट्राझिन, ११० म्हणजे नारिंगीकडे झुकणारा सनसेट यलो, १२२ म्हणजे तांबडा कार्मोइझिन. अक्षर इतके बारीक, की ते वाचण्यासाठी मला चष्म्यावर भिंग धरावे लागते.

हे परवानगीचे रंग तरी मुलांना काय करतात? २००७ साली इंग्लंडमधील साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी तीन वर्षांच्या १५३ आणि आठ-नऊ वर्षांच्या १४४ मुलांना काही दिवस रंग व सोडियम बेंझोएट मिसळलेले पेय दिले, आणि काही दिवस तसेच दिसणारे पण त्यांवाचूनचे. रंगाच्या दिवसांत मुलांची चंचलता सरासरीने किंचित वाढलेली आढळली. सगळ्यांची नव्हे, आणि फारशीही नव्हे. तरीदेखील युरोपीय संघाने जुलै २०१० पासून असे सहा रंग असलेल्या खाद्यपदार्थांवर 'मुलांच्या वागण्यावर आणि अवधानावर अनिष्ट परिणाम होऊ शकतो' अशा अर्थाची सूचना छापणे सक्तीचे केले. टार्ट्राझिनने थोड्या लोकांच्या अंगावर पित्तासारख्या गांधी उठतात. आणि जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने एरिथ्रोसिन या लाल रंगाची खाद्यपदार्थांतील परवानगी काढून घेतली. नर उंदरांना तो भरपूर दिल्यावर त्यांना कर्करोग झाला होता. माणसात तसे घडत असल्याचे दिसलेले नाही, हेही तिथल्या खात्यानेच सांगितले. तेव्हा एक लाल गोळी खाल्ल्याने घात होईल असे म्हणणे हा आततायीपणा आहे. पण जो पदार्थ पोषण देत नाही आणि चवही देत नाही, त्याच्यासाठी थोडासा तरी धोका का पत्करावा? मागच्या बाकावरच्या मुलीचा प्रश्न तोच होता.

खरी भीती मला वाटते ती त्या गुलाबी म्हातारीच्या केसांची, कारण त्या पिशवीवर नाव नाही, गाव नाही, आकडाही नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये तामिळनाडू सरकारने या साखरेच्या कापसावर बंदी घातली. त्यात रोडामाइन बी सापडले होते. तो कापड आणि कागद रंगवण्याचा रंग, खाण्याच्या आठांत त्याला जागाच नाही. पुढच्याच महिन्यात कर्नाटकानेही रंगवलेल्या कापसाला मनाई केली.

रंगाच्या नावाने इतका वेळ बोटे मोडल्यावर एक गोष्ट सांगितलीच पाहिजे: गोळीतील मोठा गुन्हेगार रंग नव्हे, साखर आहे. रंग हा नुसता दारावरचा हाकाऱ्या! शाळेत आरोग्य तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी मुलांना ओळीने तोंड उघडायला लावले, तेव्हा पाठीमागे उभ्या असलेल्या मलाही काळ्या दाढा दिसल्या. तोंडातले जंतू साखरेचे आम्ल करतात, आम्ल दातावरचे कवच खाते, आणि लाळेला ते आम्ल निवळायला अर्धा तास तरी लागतो. म्हणून सहा गोळ्या एकदम खाणारा मुलगा एकेक गोळी दिवसभर गालात धरणाऱ्यापेक्षा कमी नुकसान करून घेतो. हे ज्ञान ठामपणे मिळाले ते स्वीडनमधील व्हिपेहोल्मच्या संस्थेत, १९४० च्या दशकात. तिथल्या मतिमंद रुग्णांना जेवणाच्या मधल्या वेळी चिकट टॉफ्या देऊन त्यांचे दात किडू दिले गेले. त्यांना कुणी विचारले नव्हते. इतक्या महाग किमतीने मिळालेले ज्ञान आपण वाया तरी घालवू नये.

आणि गंमत अशी, की आमच्या आजीला ते आधीच ठाऊक होते. गोड खायचे ते ताटावर, आणि उठल्यावर चूळ भरायची, हा तिचा दंडक. येत्या चार दिवसांत करंज्या, चिरोटे, लाडू यांचे डबे घरोघरी उघडतील. ते जरूर उघडावेत! मुलांना पानावर पोटभर वाढावे, पण हाताशी दिवसभर डबा ठेवू नये. बुंदीच्या लाडवात मधूनमधून हिरवा-तांबडा दाणा टाकण्याचा मोह या वर्षी आवरता आला, तर लाडवाचे काही बिघडत नाही. केशराच्या चार काड्या बिचाऱ्या रंगाबरोबर वासही देतात.

राहता राहिल्या मावशी. सुट्टीपूर्वी शाळा समितीत सूचना आली, की त्यांची गाडीच फाटकावरून उठवावी. सुट्टीनंतर त्यावर निर्णय व्हायचा आहे. नवरा गेल्यावर याच बरण्यांवर त्यांनी दोन मुलींना शिकवले, हे समितीतल्या सर्वांना माहीत आहे. मी त्यांना गुलाबी पिशव्यांचे सांगितले आणि म्हटले, "मावशी, पेरू ठेवा, फुटाणे ठेवा, उकडलेल्या शेंगा ठेवा."

"ठिवते की," त्या म्हणाल्या. "पर गुरुजी, पेरू दोन दिसांत सडतो, गोळी वरीसभर सडत न्हाई. सडल्याला पेरू कुनाच्या अंगावर?"

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. पुष्कळ विचार करून आता एक आहे. गुलाबी पिशव्या आणि बिननावाच्या गोळ्या बंद व्हाव्यात, ही अट मी समितीपुढे मांडणार आहे. पण तिच्याबरोबर दुसरीही: शाळेच्या क्रीडादिनाचा, सहलीचा आणि स्वातंत्र्यदिनाचा खाऊ मावशींकडूनच घ्यायचा, आणि आठवड्याचे उरलेले पेरू शिक्षकांनी मिळून विकत घ्यायचे. आम्ही शिक्षक अकरा आहोत. माणशी दोन पेरू काही जड नाहीत, आणि मीठ-तिखट शिक्षकांच्या खोलीत आहेच.