फोटो आधी उलटा करायचा

तंजावरजवळचं ओरत्तनाडु, संध्याकाळ. तंजावरच्या मराठा सरफोजीराजांनी आपल्या प्रेयसीच्या, मुक्तांबाळच्या नावाने बांधलेल्या छत्रासमोर, म्हणजे धर्मशाळेसमोर बसून लिहितोय. राजे जबर संग्राहक, पण 1832 साली गेले. छायाचित्रणाची कला जगासमोर आली 1839 मध्ये. नाहीतर त्यांच्या सरस्वती महाल ग्रंथालयात एक कपाट फोटोंचंही असतं, पैजेवर सांगतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले अस्सल फोटो जमवायचा नाद मला नवाच. आज ओळखीच्या घरी एक पाहिला: मलायात रबराच्या मळ्यावर गेलेले आजोबा, खाकी गणवेशात. तंजावर भागातून तिकडे गेलेले पुष्कळ. 1942 मध्ये सिंगापूर पडलं, 1943 मध्ये नेताजी तिथे पोचले आणि मळ्यांतले तमिळ तरुण आझाद हिंद फौजेत शिरले. मुली झाशीची राणी रेजिमेंटमध्ये! तांब्यांच्या लेकीच्या, लक्ष्मीबाईच्या नावाने तमिळ पोरींनी बंदुका उचलल्या, याचं मला भारी अप्रूप.

फोटो हाती आला की आधी उलटा करतो. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीचं अक्षर, कागदाचा पोत. मग तिरक्या उजेडात धरायचा. जुन्या प्रिंटच्या काळ्या भागावर बऱ्याचदा चंदेरी झाक येते. भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती छापखान्याची नक्कल. चिकटपट्टी, लॅमिनेशन, चिकट पानांचे अल्बम वर्ज्य. इथल्या दमट हवेत बुरशी टपलेलीच असते.

आजोबांचा फोटो अर्थातच मागितला नाही, स्कॅन तेवढा घेतला. त्यांच्या सुनेने मागच्या तमिळ ओळी वाचून दाखवल्या. त्या आज रात्रीच वहीत उतरवायच्या आहेत.