पियानोची भिंत

माझ्या मुलीला पियानो शिकवणाऱ्या बाई मुंबई सोडून निघाल्या, तेव्हा आपला उभा पियानो त्यांनी जवळजवळ फुकटच आम्हांला देऊ केला. मुलगी आनंदाने नाचली. मीही भरात होकार देऊन बसलो, आणि मग हातात टेप घेऊन आमच्या दोन खोल्यांच्या भिंती मोजू लागलो. दोनशे किलोंहून जड असलेला हा पाहुणा एकदा बसला की सहजासहजी उठायचा नव्हता!

पियानो सुरात लावणारे एक वृद्ध गृहस्थ जागा पाहायला आले. डॉक्टरने रोग्याची छाती तपासावी तशा त्यांनी भिंती ठोकून पाहिल्या. म्हणाले, "पियानोत सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात. सगळ्यांचा मिळून ताण पंधरा-वीस टनांवर जातो. पण पियानोचा खरा जीव त्या तारांमागच्या लाकडी फळीत. पावसाळ्यात ती ओल पिऊन फुगते आणि सूर चढतात. हवा कोरडी झाली की उतरतात. ओलीने पट्ट्या अडकतात, तारा गंजतात. म्हणून बाहेरची भिंत नको, खिडकी नको, ऊन नको, स्वयंपाकघराची वाफ नको. आतली भिंत बघा."

आतली भिंत घरात एकच, दोन खोल्यांमधली. तिला लागून आईचा पलंग. आई सारे ऐकत होती. ती म्हणाली, "अरे, त्यात काय एवढं? माझा पलंग खिडकीकडे सरकवा. तेवढाच रस्ता दिसेल मला."

प्रश्न सुटला. आईच्या समजूतदारपणाचे आम्ही तोंड भरून कौतुक केले आणि रविवारसाठी हमाल ठरवले.

आषाढ लागला होता. त्या रात्री पाणी प्यायला उठलो, तर आई अंधारात बसून गुडघ्यांना तेल चोळत होती. बाहेर पाऊस कोसळत होता. माझे लक्ष खिडकीच्या भिंतीकडे गेले. दर पावसाळ्यात त्या भिंतीला ओल येते. तिथे कॅलेंडरसुद्धा धड टिकत नाही. लाकडाला बाधू नये म्हणून ज्या ओलीपासून मी पियानोला जपत होतो, त्याच ओलीत आईला निजवायला निघालो होतो!

मला झोप येईना. पहाटे पुन्हा टेप घेतली आणि प्रथमच एक गोष्ट ध्यानात आली : मधल्या भिंतीला दोन बाजू आहेत. पलीकडच्या बाजूला माझे लिहिण्याचे टेबल आणि पुस्तकांचे कपाट. सारे घर मी इंचाइंचाने मोजले होते. त्या टेबलापाशी आलो की मात्र टेप आपोआप गुंडाळली जात होती.

रविवारी पियानो तिथे बसला. पावसाळ्यात त्याच्या पोटात एक लहान दिवा जळत असतो. मी आता खिडकीपाशी लिहितो. कागद दमट होतात, पुस्तकांच्या पानांवर बुरशीचे ठिपके उमटतात, आणि मी कुरकुरतोही.

संध्याकाळी मुलगी सरावाला बसते. भिंतीपलीकडे आई पलंगावर पाय पसरून ऐकत असते. या संगीतातले तिला काहीच कळत नाही, पण परवा मला हाक मारून म्हणाली, "आज पोरगी एकाच जागी अडखळली रे. काल तीनदा अडखळली होती."