आईच्या हातची कामं

आई सत्तरी ओलांडल्यावर तेच तेच विचारू लागली, तेव्हा "वय झालं की असं व्हायचंच" म्हणून मी विषय सोडून दिला. तिच्यासाठी जे केलं ते तर त्याहून चुकीचं होतं.

तिला त्रास नको म्हणून मी एकेक काम तिच्याकडून काढून घेतलं. भाजी घरपोच येऊ लागली, त्यामुळे तिची मंडईतली फेरी आणि घासाघीस बंद झाली. दुधाचा, इस्त्रीचा, कामवाल्या ताईंच्या खाड्यांचा हिशेब ती कालनिर्णयच्या चौकटींत पेन्सिलीने मांडायची. तोही मी मोबाइलवर घेतला. "आई, तू आता आराम कर," असं मी रोज म्हणायचे. ती दिवसभर टीव्हीपुढे बसू लागली. आवाज मोठा ठेवते म्हणून मी तिच्यावर चिडायचेही.

हळूहळू ती जेवताना गप्प राहू लागली. नातवाने काही विचारलं की भलतंच उत्तर द्यायची. मी घाबरून डॉक्टरांकडे नेलं, तर त्यांनी बी-१२ आणि थायरॉइडच्या तपासणीबरोबर कानही तपासायला सांगितले. दोष दोन्ही कानांत निघाला. उतारवयात बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात. त्यामुळे स, श, फ अशी अक्षरं निसटतात आणि बोलणं ऐकू येऊनही नीट कळत नाही. कानावर धड पडलंच नाही, ते तिच्या लक्षात राहणार कसं?

मग मी उतारवयातल्या विसरण्याविषयी वाचायला लागले. वयानुसार मेंदू थोडा आकसतो, त्याचा वेग मंदावतो, नाव आठवायला वेळ लागतो. एवढं स्वाभाविक आहे. रोजच्या रस्त्यावर वाट चुकणं मात्र स्वाभाविक नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाचे (स्मृतिभ्रंशाचे) १४ टाळता येण्याजोगे धोके मांडले. ते सगळे दूर करता आले, तर सुमारे ४५ टक्के रुग्णांचा आजार टळू शकेल किंवा लांबेल, असा त्यांचा अंदाज आहे. त्या यादीत कमी ऐकू येणं आहे, एकटेपणा आहे, हालचालीचा अभाव आहे. त्यातले शेवटचे दोन मी आईला आराम म्हणून दिले होते.

आता आई श्रवणयंत्र लावते. सुरुवातीला भांड्यांचा खणखणाट सहन होईना म्हणून ती ते काढून ठेवायची, पण सवय झाली. हिशेब पुन्हा तिच्याकडे आहे, मंडईत आम्ही दोघी जातो. विसरणं पूर्ण थांबलेलं नाही, पण ती गप्पांत परत आली आहे.

त्याच यादीत मध्यमवयातला उच्च रक्तदाबही आहे. माझं वाढलेलं बीपी "टेन्शनमुळे असेल" म्हणून मी उडवून लावत होते. आता गोळी चुकवत नाही. घरातलं कुणी सारखं "काय म्हणालास?" विचारत असेल, तर वयावर ढकलू नका, आधी कान तपासून घ्या. आणि त्यांच्या हातातलं काम त्यांना विचारल्याशिवाय काढून घेऊ नका.