हिरवे दार आणि बेडे

१९८९च्या पावसाळ्यात आमच्या मिरजोळ्याच्या घरी काका मुंबईहून एक छोटासा काळा संगणक घेऊन आले. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने भारतात विकलेला तो स्पेक्ट्रम प्लस. स्मृती अवघी ४८ किलोबाइट. पडदा म्हणून घरातला टीव्ही. टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावायची, तिची कर्कश किंचाळी काही मिनिटे ऐकायची, तेव्हा कुठे खेळ सुरू होई. मध्येच वीज गेली की सारे पहिल्यापासून.

आम्हां दोघा चुलत भावंडांना खिळवून ठेवले ते 'द हॉबिट'ने. टोल्किनच्या १९३७ सालच्या कादंबरीवरचा हा खेळ १९८२मध्ये आला. तो मुख्यतः व्हेरोनिका मेग्लर आणि फिलिप मिचेल यांनी मेलबर्नमध्ये रचला. थोडी चित्रे सोडली तर सारे शब्दांतच घडे. पडद्यावर वर्णन येई, आपण आज्ञा टंकायची. आपण नुसते बसून राहिलो तरी काळ पुढे सरके आणि पात्रे आपापल्या वाटेने निघून जात.

सुरुवातीलाच एक गोल हिरवे दार होते. आम्ही मराठी शाळेतले, पाचवीत सुरू झालेले इंग्रजी जेमतेम वर्षभराचे. 'डोअर'मधला एक 'ओ' गाळला, तर दार उघडेना. यंत्राला कळत काही शेच शब्द. आजी म्हणाली, "दार समोर दिसतंय, पोरं उघडायला निघालीत, मग ह्याला कळत कसं नाही?" आम्ही हसलो आणि शब्दकोश शोधायला गेलो.

पुढे दोघेही मराठीचे अध्यापक झालो. काही वर्षांपूर्वी एका तोंडी परीक्षेला आम्ही दोघे परीक्षक होतो. कथेतल्या उंबरठ्याच्या प्रतिमेविषयी विचारले, तेव्हा आमच्याच भागातली एक विद्यार्थिनी म्हणाली, "आमच्याकडं उंबरठ्याच्या आधी बेडं लागतं. बाईला पहिल्यांदा तिथंच थांबवतात."

बेडे म्हणजे गडग्यातल्या वाटेवर आडवे बांबू सरकवून केलेले फाटक. आमच्या घरालाही ते होते. तरीही आम्ही म्हणालो, "बेडं म्हणजे काय? प्रमाण शब्द वापर."

ती गप्प झाली. आम्ही गुण कापले.

घरी परतताना दोघांनाही ते हिरवे दार आठवले, पण तुलना यंत्राच्या बाजूने झुकत होती. त्याला शब्द खरोखरच ठाऊक नसे. शिवाय न कळल्याचे सांगून ते पुन्हा आज्ञेची वाट पाही. चुकलेल्या शब्दाची शिक्षा करीत नसे. आम्हांला शब्दही ठाऊक होता आणि त्या मुलीने प्रतिमा आमच्या टिपणांपेक्षा खोल नेली आहे, हेही कळले होते.

पुढच्या तासाला आम्ही फळ्यावर 'बेडे' लिहिले आणि तिला त्याविषयी बोलायला सांगितले. ती उठली आणि नम्रपणे म्हणाली, "फाटक, सर."