निदान

पूर्वीच्या गाड्या मुक्या होत्या. बिघाड झाला की मेकॅनिक कान लावून इंजिनाची धडधड ऐकत असे, धुराचा रंग पाहत असे आणि मगच तोंड उघडत असे. आताच्या गाड्यांना वाचा फुटली आहे. चालकासमोर पिवळा दिवा लागतो, स्कॅनर जोडला की पडद्यावर एक क्रमांक उमटतो आणि त्यापुढे एखाद्या भागाचे नावही झळकते. निदान आता किती सोपे झाले, असे वाटावे. पण ते तितके सोपे नाही.

आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाकडे परदेशी बनावटीची जुनी डिझेल जीप आहे. घरातील आजींना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी इस्पितळात न्यावे लागते. ही जीप तापली की वाटेतच बंद पडू लागली. थोडा वेळ थांबले की पुन्हा सुरू होई. एका गॅरेजमध्ये तपासणी झाली. क्रमांक निघाला तो पंपाच्या वेगाच्या सेन्सरचा. सेन्सर पंपाच्या पोटात असल्याने सबंध पंपच बदला, असा निवाडा तेथे दहा मिनिटांत मिळाला. खर्चाचा आकडा ऐकून सूनबाई बांगड्या गहाण ठेवायला निघाल्या.

या सेन्सरचे काम समजून घेण्यासारखे आहे. डिझेल इंजिनाला मोजून आणि नेमक्या क्षणी इंधन देतो तो पंप. या जातीच्या पंपाचा दांडा इंजिनाच्या दोन फेऱ्यांमागे एक फेरी घेतो. दांड्यावर दातेरी चाक असते आणि त्याच्या शेजारी चुंबक व तारेचे वेटोळे. दाता समोरून सरकला की वेटोळ्यात विजेची बारीकशी लहर उठते. त्या लहरी मोजून गाडीतील संगणक पंपाचा वेग ओळखतो व इंजिनाच्या वेगाशी ताडून पाहतो. मेळ बसला नाही, किंवा लहर पोहोचलीच नाही, की दिवा लागतो. लहर मुळात उठली नाही की वाटेत हरवली, हे मात्र संगणकाला कळत नाही.

आमच्याच धर्मग्रामातील एक वयस्क मेकॅनिक त्या कुटुंबाच्या मदतीला धावले. ते आम्हांला म्हणाले, "फादर, हा नंबर पत्ता सांगतो, गुन्हेगार सांगत नाही."

त्यांनी प्रथम बॅटरी तपासली. मग कपलर उघडून आत तेल किंवा गंज आहे का, ते पाहिले. कपलर सुटा ठेवूनच वेटोळ्याचा रोध मीटरने मोजला, एकदा पंप थंड असताना आणि एकदा गरम झाल्यावर, आणि गाडीच्या पुस्तकातील आकड्याशी ताडून पाहिला. सेल्फ मारून पंपाकडून लहर येते की नाही, तेही मोजले. सारे ठीक होते. अखेरीस दोन्ही टोके सोडवून त्यांनी तार हलवीत हलवीत मोजली. सायलेन्सरच्या पाइपाजवळ मीटरचा आकडा नाहीसा झाला. तेथे उष्णतेने वरचे आवरण कडक होऊन आतले तांबे तुटले होते. तापले की टोके एकमेकांपासून दूर जात, निवले की पुन्हा टेकत. हातभर तार बदलली, ती उष्णता सोसणाऱ्या नळीत घालून पाइपापासून दूर बांधली, आणि काम झाले. पंप निर्दोष होता.

आपल्या माणसांच्या बाबतीत आपण इतके सोसून पाहतो काय? एखादे कुटुंब रविवारच्या मिस्साला येईनासे होते. दिवा लागला, हे खरे. पण "त्यांची श्रद्धा आटली" हा निवाडा आपण चर्चच्या पायऱ्या उतरता उतरता देऊन टाकतो. त्यांच्या घरी कर्जाची टांगती तलवार असेल, मुलगा व्यसनाच्या विळख्यात असेल, किंवा आपल्यापैकीच कुणाचा एखादा शब्द खोल रुतला असेल. श्रद्धा शाबूत असते. तुटलेली असते ती आपल्यापर्यंत येणारी तार.

१९९२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी जारी केलेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात याला अविचारी न्याय म्हटले आहे. पुरेशा आधारावाचून शेजाऱ्याचा दोष मनातल्या मनात खरा मानणे, हेही त्यात येते. संत इग्नाशियस लोयोला यांनी आपल्या आध्यात्मिक साधनेच्या आरंभीच सांगून ठेवले आहे, की दुसऱ्याच्या बोलण्याचा चांगला अर्थ लावण्यास ख्रिस्ती माणसाने तत्पर असावे. अर्थ लागत नसेल तर त्यालाच विचारावे, आणि चूक असेल तर प्रेमाने सुधारावी.

हा क्रम मेकॅनिकच्या क्रमाहून फारसा वेगळा नाही. स्वस्त आणि सोपे ते आधी तपासावे, महाग आणि न परतवता येणारे ते शेवटी. घरी जाऊन "कसे आहात?" असे विचारण्यास काहीच खर्च येत नाही. माणसाला नावे ठेवून दूर लोटले, तर ते नुकसान मात्र सहजासहजी भरून निघत नाही. येत्या रविवारी आपल्या बाकावरची कुठली जागा रिकामी आहे, तेवढे पाहावे; आणि आठवडा सरण्यापूर्वी त्या घराची कडी वाजवावी.