ओट्यापुढचं झाड

भोंगवलीतलं घर बांधून झालं तरी अंगण उघडंबोडकंच होतं. पावसाळ्याआधी एक फुलझाड लावायचं ठरलं आणि घरातल्या प्रत्येकाचं झाड वेगळं निघालं.

पेनसिल्व्हेनियातल्या ताईने तिच्या गल्लीतल्या पांढऱ्याशुभ्र झाडांचा फोटो पाठवला. शोभेचा नासपती. आपल्याकडे पुरेशा थंडीअभावी तो फुलला नसताच, पण त्याची कुंडली ताईनेच मांडली. फुलांना सडक्या मासळीचा वास. फांद्या एकाच जागी दाटीने फुटतात, म्हणून वादळात झाड उभं चिरतं. मूळ चीनचा, त्याचा ‘ब्रॅडफर्ड’ वाण अमेरिकी कृषी खात्याने १९६३ साली बाजारात आणला. पुढे पक्ष्यांनी बिया रानोमाळ नेल्या. ओहायोत २०२३ पासून आणि ताईच्या राज्यात २०२४ पासून त्याची विक्रीच बंद आहे.

आमच्याकडचा गुलमोहर काय वेगळा? मादागास्करहून आलेला, आणि पहिल्या वळवात फांद्या टाकणारा. सप्तपर्णीचा दिवाळीच्या सुमाराचा उग्र दर्प पुण्यात नाकाने अनुभवलाय. माझं मत बहाव्याला होतं. त्यावर आई म्हणाली, “ऐन उन्हाळ्यात तो पानं गाळणार. मग मी गहू निवडायला कुठं बसू?” फुलं महिनाभराची, बाकी अकरा महिने झाड काय करतं ते बघायला हवं, हे मला पटलं.

म्हणून तामण. आपलं राज्यपुष्प. पानगळ हिवाळ्यातच उरकतो. उन्हाळ्यात नव्या पानांची सावली आणि वर जांभळे तुरे. पाकळी हातात घेतली की चुरगळलेल्या जॉर्जेटसारखी लागते. अडचण एकच, झाड मूळचं ओढ्याकाठचं. भोरच्या पश्चिमेला घाटाकडे पाऊस धो धो कोसळतो, आमच्या पूर्वपट्ट्यात हात आखडतो. तेव्हा जागा न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर धरली. फूटभर खणल्यावर मुरूम लागला. कुदळ ठेवून पहार घ्यावी लागली. खाली शेणखत, वर गाळाची माती, भोवती रुंद आळं. फुलायला काही वर्षं जातील, असं उरुळी कांचनच्या नर्सरीवाल्याने आधीच सांगितलंय. तोवर शेळ्यांपासून जपायला बाभळीच्या फांद्यांचं कुंपण केलंय.

तुळशीजवळचा कोपरा मात्र आईने पारिजातकासाठी राखलाय. त्याबाबत कुणाला विचारायचं नाही, असं तिने बजावलंय.